हार्टमध्ये एकदा फुगवलेला स्टेंट परत काढता येत नाही, मग तो सुरक्षित आहे हे तपासतात कसं?

"काकांचे दोन ब्लॉकेज निघाले, स्टेंट टाकले, परवा घरी सोडतील."

फॅमिली ग्रुपवर असा मेसेज आला की खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते, 'काळजी घ्या' येतं आणि तिसऱ्या दिवशी ग्रुप परत गुड मॉर्निंगवर जातो. अँजिओप्लास्टी आता इतकी नेहमीची झालीये. गावाकडं तर बरेच जण स्टेंट हा शब्दही वापरत नाहीत, "हार्टमध्ये स्प्रिंग टाकली" एवढंच सांगतात.

पण जरा थांबून विचार केला तर गोष्ट वाटते तेवढी साधी नाही. जेमतेम तीन मिलिमीटर रुंदीच्या रक्तवाहिनीत धातूची जाळी न्यायची आणि तिथं ती फुगवायची. ती एकदा फुगली की फुगली. मोबाईलसारखी रिप्लेसमेंट नाही, गाडीसारखं सर्व्हिसिंग नाही. पुढं ती जाळी त्या माणसासोबत आयुष्यभर राहणार.

मग अशी वस्तू सुरक्षित आहे हे कंपन्या, डॉक्टर आणि सरकार कशाच्या जोरावर सांगतात? आणि चाचण्यांमध्ये पास झालेला स्टेंट नंतर नापास ठरला, असं कधी झालंय का?

झालंय. एकदा नाही, अनेकदा. आज स्टेंटच्या ज्या चाचण्या होतात, त्यातल्या बऱ्याचशा अशाच जुन्या फटक्यांतून आल्या आहेत. म्हणूनच चाचण्या समजून घ्यायच्या तर आधी थोडा इतिहास बघावा लागतो.

सुरुवात झाली नुसत्या फुग्यापासून

१६ सप्टेंबर १९७७. स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहरात अँड्रियास ग्रुंटझिग नावाच्या डॉक्टरने ३८ वर्षांच्या एका रुग्णाच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत बारीक नळीतून फुगा नेला, तो ब्लॉकेजच्या जागी फुगवला आणि परत काढून घेतला. रुग्ण पूर्ण शुद्धीत होता. छाती न उघडता ब्लॉकेज मोकळं झालं. या फुग्याचे सुरुवातीचे नमुने ग्रुंटझिगने आपल्या घरातल्या किचनच्या टेबलावर बनवले होते.

जगभर याची हवा झाली. पण फुग्याचे दोन मोठे प्रॉब्लेम होते. एक म्हणजे फुगवताना रक्तवाहिनीचा आतला थर कधीकधी फाटायचा आणि तो पदर आत लोंबकळून रस्ताच बंद व्हायचा. अशा वेळी रुग्णाला धावतपळत बायपाससाठी न्यावं लागायचं. दुसरं म्हणजे सगळं नीट झालं तरी पुढच्या सहा-एक महिन्यांत साधारण तीनपैकी एका रुग्णाची तीच जागा परत आवळून यायची.

यावर उपाय सुचला तो असा, की फुगा बाहेर काढला तरी आत काहीतरी आधार ठेवून यायचा. विहिरीची माती ढासळू नये म्हणून आत कडी टाकतात, तसा.

पहिला स्टेंट खरंच स्प्रिंग होता

१९८६ मध्ये फ्रान्सच्या तुलूझमध्ये जाक प्युएल आणि स्वित्झर्लंडच्या लोझानमध्ये उलरिच सिगवार्ट यांनी माणसाच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत पहिले स्टेंट बसवले. त्याचं नाव वॉलस्टेंट. तो आपोआप उघडणारा होता. म्हणजे दाबून नळीत बसवायचा आणि जागेवर गेल्यावर वरचं आवरण मागं ओढलं की तो स्प्रिंगसारखा उघडायचा.

सुरुवातीच्या बातम्या चांगल्या होत्या. मग १९९१ मध्ये १०५ रुग्णांचा हिशोब 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. त्यातल्या २४ टक्के रुग्णांचे स्टेंट पूर्ण बंद झाले होते, आणि त्यातले बहुतेक पहिल्या १४ दिवसांतच. कारण होतं रक्ताची गुठळी. धातू दिसला की रक्त गोठायला लागतं, आणि ज्या जागी आधार म्हणून जाळी ठेवली तिथंच गुठळीचं बूच बसत होतं.

दुसरीकडं अमेरिकेत वेगळ्याच रस्त्याने काम चालू होतं. मूळचे अर्जेंटिनाचे डॉक्टर हुलिओ पाल्माझ यांनी १९७८ मध्ये ग्रुंटझिगचं भाषण ऐकलं आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्यात आधाराची कल्पना घोळत होती. त्यांच्या गॅरेजमध्ये गवंड्याने मागं सोडलेला जाळीचा एक तुकडा पडला होता. पत्र्याला चिरा पाडून तो ताणला की चौकटी-चौकटीची जाळी तयार होते, तसली ती प्लास्टरची जाळी. नळीला अशाच चिरा पाडल्या आणि आतून फुगवलं तर? आज जगभर वापरल्या जाणाऱ्या बहुतेक स्टेंटचं मूळ या गवंडीकामाच्या जाळीत आहे.

म्हणजे आज ज्याला लोक स्प्रिंग म्हणतात, तो बहुतेक वेळा स्प्रिंग नसतो. त्याचं वागणं बांधकामावरच्या बाइंडिंग वायरसारखं असतं. स्प्रिंग सोडली की ती मूळ आकारात जाते. बाइंडिंग वायर वाकवली की वाकलेलीच राहते. स्टेंटही तसाच, आतल्या फुग्याने त्याला वाकवायचं आणि फुगा निघून गेला तरी त्याने तसंच राहायचं. स्टेंटच्या सुरक्षिततेचे निम्मे प्रश्न या एका क्षणापाशी येऊन थांबतात. तो किती फुगला, सगळीकडं सारखा फुगला का आणि फुगल्यावर तसाच राहिला का?

प्रयोगशाळेतले हाल

माणसाच्या जवळ जाण्याआधी स्टेंटला प्रयोगशाळेत बराच छळ सोसावा लागतो. काय काय होतं ते एकेक करून बघू.

पहिली परीक्षा फुग्याची. हा फुगा हवेने फुगवत नाहीत, कारण तो चुकून फुटला तर हवा रक्तात जाईल. त्यात सलाइन आणि एक्स-रेमध्ये दिसणारं डाय यांचं मिश्रण भरतात. दाब किती? साधारण १० ते १६ ॲटमॉस्फिअर. कारच्या टायरमध्ये ३२-३३ पीएसआय हवा असते, १६ ॲटमॉस्फिअर म्हणजे जवळपास २३५ पीएसआय. टायरच्या सातपट दाब, तोही हृदयाच्या रक्तवाहिनीत.

म्हणून प्रत्येक फुग्याच्या पाकिटावर दोन आकडे असतात. कोणत्या दाबाला फुगा ठरलेल्या मापाचा होतो हा एक आणि कोणत्या दाबाच्या वर जायचं नाही हा दुसरा. दुसरा आकडा असाच अंदाजाने छापत नाहीत. फुगे खरोखर फुटेपर्यंत फुगवले जातात आणि त्यावरून असा दाब काढला जातो की ९९.९ टक्के फुगे त्या दाबापर्यंत फुटणार नाहीत, हे ९५ टक्के खात्रीने सांगता आलं पाहिजे. शिवाय फुगा किती सेकंदांत रिकामा होतो हेही मोजतात. कारण फुगा फुगलेला असतो तेवढा वेळ त्या वाहिनीतून रक्त जाणं बंद असतं.

दुसरी परीक्षा मापाची. बाइंडिंग वायर वाकवून सोडली की ती किंचित मागं येते, हे कुठल्याही सेंट्रिंगवाल्याला माहीत असतं. स्टेंटचंही तसंच होतं. फुगा काढला की तो थोडा आक्रसतो. तो किती टक्के आक्रसला हे मोजतात. फुगताना त्याची लांबीही थोडी कमी होऊ शकते. २० मिलिमीटरचा स्टेंट आत जाऊन १८ चा झाला तर ब्लॉकेजची एक कड उघडी राहील, म्हणून तीही मोजतात.

तिसरी परीक्षा पकडीची. स्टेंट फुग्यावर घट्ट आवळून बसवलेला असतो. वाटेत वळणावळणांच्या, कॅल्शियमने खडबडीत झालेल्या रक्तवाहिन्या लागतात. तिथं तो फुग्यावरून निसटला तर रक्तात भरकटलेली जाळी शोधत बसावं लागेल. सुरुवातीच्या काळात काही ठिकाणी डॉक्टर स्वतःच हाताने स्टेंट फुग्यावर दाबून बसवायचे. आता ते मशीनने होतं, आणि स्टेंट निसटायला किती जोर लागतो हे ओढून-ढकलून तपासलं जातं.

चौथी परीक्षा ताकदीची. रक्तवाहिनी बाहेरून सतत आवळत असते. किती दाबाला स्टेंट चेपतो हे बघतात. आजच्या स्टेंटच्या तारा ६० ते ८० मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाएवढ्या जाड असतात. पहिल्या पिढीतल्या औषधी स्टेंटच्या तारा १४० मायक्रॉनच्या आसपास होत्या. तारा बारीक झाल्या तरी ताकद टिकावी म्हणून साध्या स्टेनलेस स्टीलऐवजी कोबाल्ट-क्रोमियमसारखे मिश्रधातू आले.

पाचवी परीक्षा थकव्याची. पत्र्याची पट्टी पुढं-मागं वाकवत राहिलं की ती शेवटी तुटते. हृदय तर थांबतच नाही. मिनिटाला ७२ ठोके धरले तर वर्षाचे होतात जवळपास पावणेचार कोटी. म्हणून स्टेंटला दहा वर्षांच्या हिशोबाने सुमारे ४० कोटी ठोक्यांची परीक्षा द्यावी लागते. रबरासारख्या नळीत स्टेंट फुगवून बसवतात, आत ३७ अंशांचं खारं पाणी असतं आणि नळीला सतत ठोके दिले जातात. सेकंदाला ५० ठोके दिले तरी हे काम संपायला तीन महिने लागतात. नंतर एकेक तार सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची. कुठं तडा गेला आहे का, गंज धरला आहे का, वरचा औषधाचा थर सोलला आहे का?

यानंतर येतात प्राणी. डुकराचं हृदय आणि त्याच्या रक्तवाहिन्या आकाराने माणसाच्या बऱ्याच जवळच्या असतात, म्हणून स्टेंट आधी डुकरांमध्ये बसवले जातात. २८ दिवसांनी, काहींमध्ये आणखी काही महिन्यांनी त्या रक्तवाहिन्या कापून बघतात. तारांवर नवीन पेशींचा थर आला का, सूज किती आहे, गुठळी आहे का?

एवढं सगळं झालं तरी दोन गोष्टी राहतातच. या डुकरांच्या रक्तवाहिन्या तरुण आणि निरोगी असतात, त्यांना साठीतल्या मधुमेही माणसासारखं ब्लॉकेज नसतं. आणि त्यांची जखम माणसापेक्षा लवकर भरते. या दुसऱ्या गोष्टीने पुढं मोठा घोळ केला.

स्टेंट नीट होता, पण अर्धवट फुगला होता

१९९४ मध्ये बेनेस्टेंट आणि स्ट्रेस या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले होते. एका गटाला नुसता फुगा, दुसऱ्याला फुग्यासोबत पाल्माझचा स्टेंट. बेनेस्टेंटमध्ये रक्तवाहिनी परत आवळण्याचं प्रमाण फुग्याच्या गटात ३२ टक्के होतं, स्टेंटच्या गटात २२ टक्के. त्याच वर्षी अमेरिकेच्या एफडीएने या स्टेंटला मंजुरी दिली.

पण याच चाचणीत दुसरी बाजूही दिसली. गुठळी होऊ नये म्हणून स्टेंटच्या रुग्णांना रक्त पातळ करणारी जबरदस्त औषधं द्यावी लागत होती. त्यामुळं रक्तस्राव किंवा रक्तवाहिनीला इजा होण्याचं प्रमाण फुग्याच्या गटात ३.१ टक्के होतं, तर स्टेंटच्या गटात १३.५ टक्के. हॉस्पिटलमधला मुक्काम ३.१ दिवसांवरून ८.५ दिवसांवर गेला होता.

ही कोंडी फोडली इटलीतल्या मिलानच्या अँटोनियो कोलंबो यांनी. त्यांनी रक्तवाहिनीच्या आत सोनोग्राफीची बारीक नळी घालून बसवलेले स्टेंट पाहिले. अँजिओग्राफीच्या पडद्यावर झकास दिसणारे बरेच स्टेंट आतून नीट फुगलेलेच नव्हते. तारा भिंतीला टेकलेल्या नव्हत्या, मधे फट होती आणि त्या फटीत रक्त साकळायला जागा मिळत होती. कोलंबोंनी मोठ्या दाबाने फुगा परत फुगवून स्टेंट भिंतीला नीट बसवले. मग जड औषधांची गरज राहिली नाही, साध्या प्लेटलेटविरोधी गोळ्यांवर काम भागलं आणि गुठळ्यांचं प्रमाण घसरलं. १९९५ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं.

प्रयोगशाळेत पास झालेला स्टेंट माणसात फेल होत होता, आणि त्यात धातूपेक्षा फुगवण्याच्या पद्धतीचा दोष जास्त होता. हा धडा आजही लागू आहे. २०२३ मध्ये दक्षिण कोरियातल्या १,६३९ रुग्णांच्या चाचणीचा निकाल आला. हे सगळे गुंतागुंतीच्या ब्लॉकेजचे रुग्ण होते. आतून कॅमेऱ्यासारखं बघून स्टेंट बसवले त्यांच्यात हृदयविकाराने मृत्यू, त्या वाहिनीमुळे हार्ट अटॅक किंवा परत प्रोसिजर करावी लागणं या सगळ्याचं मिळून प्रमाण ७.७ टक्के होतं. नुसत्या अँजिओग्राफीवर बसवले त्यांच्यात १२.३ टक्के.

शून्य टक्क्यांची जादू आणि बार्सिलोनाचा धक्का

रक्तवाहिनी परत आवळते ती मुख्यतः जखम भरताना पेशी जास्त वाढल्यामुळं. मग पेशींची वाढ रोखणारं औषधच स्टेंटवर लावलं तर?

हे औषध सापडलं ईस्टर आयलंड, म्हणजे रापा नुई बेटावरच्या मातीत. तिथल्या जिवाणूंपासून मिळालं म्हणून नाव रापामायसिन, दुसरं नाव सिरोलिमस. त्यावर आयुष्यभर काम करणारे शास्त्रज्ञ होते भारतात जन्मलेले सुरेंद्र सेहगल.

२००२ मध्ये २३८ रुग्णांच्या राव्हेल चाचणीचा निकाल आला. सहा महिन्यांनी साध्या स्टेंटमध्ये रक्तवाहिनी परत आवळण्याचं प्रमाण २६.६ टक्के, औषधी स्टेंटमध्ये शून्य. हृदयरोगाच्या डॉक्टरांनी असा आकडा कधी पाहिलाच नव्हता. २००३ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली आणि बघताबघता औषधी स्टेंट सगळीकडं पोचले.

पण २००४ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये चार रुग्णांची माहिती छापून आली. औषधी स्टेंट बसवून जवळपास वर्ष झालं होतं. गोळ्या बंद केल्या आणि स्टेंटमध्ये अचानक गुठळी झाली. २००६ मध्ये बार्सिलोनाच्या हृदयरोग परिषदेत अशीच काही आकडेवारी मांडली गेली आणि गदारोळ झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एफडीएला तज्ज्ञांची खास बैठक बोलवावी लागली.

भानगड अशी होती की औषध पेशींची जास्तीची वाढ रोखत होतं, पण त्यासोबत तारांवर यायला हवा असलेला संरक्षक थरही रोखत होतं. तार उघडी राहिली की गुठळीचा धोका कायम. डुकरांमध्ये जखम लवकर भरत असल्यामुळं तिथं हा धोका नीट दिसला नाही. माणसांवरच्या चाचण्या सहा महिने, वर्षभर बघत होत्या, आणि धोका त्यानंतर येत होता.

यातून दोन बदल झाले. स्टेंटमधली गुठळी कशाला म्हणायचं याची सगळ्यांसाठी एकच व्याख्या ठरली. ३० दिवसांच्या आतली, वर्षाच्या आतली आणि वर्षानंतरची असे तिचे टप्पे पडले. आणि चाचणीतल्या रुग्णांवर पाच-पाच वर्षं लक्ष ठेवण्याची पद्धत रुळली.

या वादात स्वीडनचा अनुभवही बघण्यासारखा आहे. तिथं देशातल्या स्टेंटची नोंद एकाच रजिस्टरमध्ये होते. २००७ मध्ये त्या नोंदींवरून औषधी स्टेंटमुळे मृत्यूचं प्रमाण जास्त दिसतंय असा निष्कर्ष आला. २००९ मध्ये जवळपास ४८ हजार रुग्णांचा जास्त काळाचा हिशोब मांडल्यावर तो फरक राहिला नाही. घाईने स्टेंट चांगला ठरवणं जसं चुकतं, तसं घाईने वाईट ठरवणंही चुकतं. दोन्हीकडं उत्तर मिळालं ते नोंदी ठेवल्यामुळंच. पुढं तारा बारीक झाल्या, औषधाचे थर सुधारले आणि गुठळीचं प्रमाण खूप कमी झालं.

विरघळणारा स्टेंट

आयुष्यभर धातू आत ठेवायचाच कशाला, विरघळणारा स्टेंट बनवू, अशी कल्पना पुढं आली. ॲबट कंपनीचा ॲबसॉर्ब त्यातला सगळ्यात गाजलेला. तीनेक वर्षांत विरघळणाऱ्या पॉलिमरचा. २,००८ रुग्णांच्या चाचणीत एका वर्षाच्या निकालात तो ठरलेल्या निकषांवर धातूच्या स्टेंटइतकाच चालला. जुलै २०१६ मध्ये एफडीएने मंजुरी दिली.

आठ महिन्यांनी, मार्च २०१७ मध्ये त्याच एफडीएने डॉक्टरांना सावधानतेचं पत्र पाठवलं. दोन वर्षांचे आकडे आले होते. मोठे हृदयविकाराचे प्रसंग ॲबसॉर्बमध्ये ११ टक्के, धातूच्या स्टेंटमध्ये ७.९ टक्के. गुठळीचं प्रमाण १.९ विरुद्ध ०.८ टक्के. सप्टेंबर २०१७ मध्ये कंपनीने जगभरातली विक्री थांबवली. कारण दिलं कमी खपाचं.

पॉलिमर धातूपेक्षा नाजूक, म्हणून तारा दीडशे मायक्रॉनच्या, जाडजूड कराव्या लागल्या होत्या. कमी फुगवला तर फट राहायची, जास्त फुगवला तर तार तडकायची भीती. इथंही गाडी परत फुगवण्याच्या त्या एका क्षणापाशी येऊन अडकली.

बाजारात आल्यानंतरही परीक्षा संपत नाही

जुलै २००४ मध्ये बोस्टन सायंटिफिक कंपनीने सुमारे ८५ हजार टॅक्सस आणि ११ हजार एक्सप्रेस-२ स्टेंट परत मागवले. जाळी ठीक होती, पण काही फुगे फुगवल्यावर रिकामेच होत नव्हते. फुगा किती सेकंदांत रिकामा होतो या चाचणीचं महत्त्व इथं कळतं. डिझाइन पास झालं तरी कारखान्यातून निघणारी प्रत्येक बॅच तशीच असेल याची खात्री वेगळी द्यावी लागते.

२०११ च्या सुमारास आणखी एक प्रकार समोर आला. तारा बारीक आणि कड्यांमधले जोड कमी केल्यामुळं काही स्टेंट छान लवचिक झाले होते. पण बसवल्यानंतर दुसरी नळी त्याच्या कडेला अडकली तर स्टेंट लांबीच्या बाजूने हार्मोनियमच्या भात्यासारखा चेपत होता. बाहेरून आवळणाऱ्या दाबाची परीक्षा त्याने दिली होती, लांबीच्या दिशेने कुणी फारसं ढकलून पाहिलं नव्हतं. त्यानंतर ती चाचणीही होऊ लागली.

आपल्याकडं काय नियम आहेत?

भारतात ऑक्टोबर २००५ मध्ये केंद्र सरकारने हृदयाचे स्टेंट औषध कायद्याच्या कक्षेत आणले. १ जानेवारी २०१८ पासून वैद्यकीय उपकरणांचे वेगळे नियम लागू झाले. त्यात धोक्यानुसार ए ते डी असे चार वर्ग आहेत आणि स्टेंट सगळ्यात वरच्या, म्हणजे डी वर्गात येतो.

फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने किमतींवर मर्यादा घातली. साध्या धातूच्या स्टेंटला ७,२६० रुपये, औषधी आणि विरघळणाऱ्या स्टेंटला २९,६०० रुपये. हॉस्पिटलने बिलात स्टेंटची किंमत वेगळी दाखवायची आणि सोबत ब्रँड, कंपनी, बॅच नंबर लिहायचा, असंही बंधन आलं. गंमत म्हणजे ज्या विरघळणाऱ्या स्टेंटला इथं औषधी स्टेंटच्या बरोबरीने बसवलं होतं, त्याच्याबद्दलचं सावधानतेचं पत्र अमेरिकेत पुढच्याच महिन्यात निघालं.

भारतीय स्टेंटवर विश्वास ठेवायचा का, हा प्रश्न बऱ्याच घरांत विचारला जातो. त्याचं उत्तर कंपनीच्या गावावरून देता येत नाही, चाचणीवरूनच देता येतं. सुरतच्या सहजानंद मेडिकल टेक्नॉलॉजीजच्या सुप्राफ्लेक्स स्टेंटची चाचणी युरोपातल्या सात देशांत १,४३५ रुग्णांवर झाली. समोर होता जगभर प्रमाण मानला जाणारा झायन्स. २०१९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये निकाल आला. वर्षभरात अडचणीचं प्रमाण ४.९ टक्के विरुद्ध ५.३ टक्के, म्हणजे सुरतचा स्टेंट कुठं कमी पडला नाही. कुठलाही स्टेंट, देशी असो की परदेशी, अशा समोरासमोरच्या चाचणीतून गेला आहे का, हा विचारण्यासारखा प्रश्न आहे.

उपकरणांमुळे झालेल्या त्रासाच्या नोंदी ठेवण्यासाठी जुलै २०१५ पासून भारतात मटेरिओव्हिजिलन्स प्रोग्रॅम चालू आहे. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडं त्याचं काम आहे. फुग्याची गडबड असो की स्टेंटची, चार गावांतल्या चार तक्रारी एका ठिकाणी आल्या तरच त्यातला सारखेपणा दिसतो.

मग रुग्णाच्या घरच्यांनी काय करायचं?

प्रयोगशाळेतलं काही आपल्या हातात नसतं, पण तीन-चार गोष्टी असतात.

स्टेंटच्या पाकिटावरचं स्टिकर किंवा कार्ड मागून घ्या. त्यावर कंपनी, मॉडेल, माप आणि बॅच नंबर असतो. उद्या एखादी बॅच परत मागवली, किंवा एमआरआय करायची वेळ आली, तर पहिला प्रश्न हाच येतो की आत नेमका कोणता स्टेंट आहे. डिस्चार्जच्या फाईलमध्ये ते चिकटवलेलं असेल तर मोबाईलमध्येही फोटो काढून ठेवा.

गुंतागुंतीचं किंवा कॅल्शियम साचलेलं ब्लॉकेज असेल तर आतून बघून, म्हणजे आयव्हीयूएस किंवा ओसीटी वापरून स्टेंट बसवणार का, हे डॉक्टरांना आधीच विचारा. खर्च वाढतो, पण हा प्रश्न विचारण्यात गैर काही नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाच्या त्या गोळ्या. सहा महिने, वर्ष किंवा त्याहून कमी-जास्त, किती दिवस घ्यायच्या हे प्रत्येक रुग्णाचं वेगळं असतं आणि ते हृदयरोगतज्ज्ञच ठरवतात. बरं वाटतंय म्हणून, गोळ्या संपल्या म्हणून किंवा कुणी दात काढायच्या आधी बंद करा सांगितलं म्हणून त्या परस्पर बंद करायच्या नाहीत. २००४ च्या त्या चार रुग्णांचीही गोष्ट गोळ्या बंद केल्यावरच सुरू झाली होती. दाताचं काम असो की हर्नियाचं ऑपरेशन, आधी स्टेंट बसवणाऱ्या डॉक्टरांना एक फोन करायचा आणि मगच गोळीला हात लावायचा.